मसाला भाजण्याचा परवाना

फाब्रीस ओझानने आपल्या रेस्तराँच्या ओट्यावर ती बाटली ठेवली तेव्हा नवरत्नम कांदे चिरत होता. त्याने सुरी खाली ठेवली, हात पुसले, चष्मा लावला आणि लेबल वाचलं. लेबलावर एक हत्ती होता, हत्तीवर एक राजा होता आणि राजाच्या पायाखाली 'करी' असं लिहिलं होतं. आतली पूड पिवळीजर्द होती. तिच्यात थोडी हळद असावी, बरंचसं मीठ असावं, आणि बाकीचा भिंतीला द्यायचा रंग असावा असं नवरत्नमचं मत झालं.

"नोव्हेंबरच्या गुरुवारसाठी आणली," ओझान म्हणाला. "सुपरमार्केटात एकावर एक फुकट होती."

फ्रान्समधल्या ब्रेसाँवीलच्या व्यापारी मंडळाने त्या वर्षी ठरवलं होतं की नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी गावातल्या प्रत्येक रेस्तराँने एक परदेशी पदार्थ करायचा. त्यामुळे अठरा वर्षांत पहिल्यांदाच ओझानच्या लक्षात आलं की आपला आचारी परदेशी आहे. तोवर नवरत्नमने त्या स्वयंपाकघरात कांद्याचं सूप केलं, मोहरीतला ससा केला, लाल वाइनमध्ये तास न् तास शिजणारं गोमांसाचं बूर्गिन्यों केलं, पण आपल्या श्रीलंकेतल्या जाफनाकडचं मटण कधी केलं नव्हतं, कारण कोणी मागितलंच नव्हतं. आता मागितलं होतं, आणि त्याला जोड म्हणून हा हत्ती.

"चमचाभर घाल, वरून क्रीम ओत, सफरचंदाच्या दोन फोडी टाक," ओझान समजावून सांगत होता. "लोकांना आवडतं."

"मस्यू ओझान, ह्या पुडीने मी मटण करणार नाही," नवरत्नम म्हणाला. "ह्या पुडीने मी दरवाजासुद्धा रंगवणार नाही. मसाला मी घरी भाजून आणीन."

"भाजून? पूड विकत मिळते, नावा." अठरा वर्षं तो त्याला नावाच म्हणत होता. पूर्ण नाव उच्चारायला सुरुवात करायचा तो आपला 'रत्न'पाशी दमायचा.

"तुमच्याकडे वाइनसुद्धा पुडीत मिळते का?" नवरत्नमने विचारलं. ओझान तोंड फिरवून टेबलं पुसायला गेला. फ्रेंच माणसाला वाइनवरून बोललेलं लागतं.

घरी त्याच्या बायकोचा, इंदिराणीचा, उत्साह बेताचा होता. "पॅरिसहून तुमचा चुलतभाऊ पाकिटं पाठवतो, ती अठरा वर्षं चालली. आता काय झालं?"

"घरात चालतात. हे जगापुढे जाणार आहे."

"जग म्हणजे ओझानची बारा टेबलं ना?"

नवरत्नम फोनकडे वळला. तिला काय सांगायचं? स्वतःच्या हाताची चव माणसाने दुसऱ्यांच्या पदार्थांत अठरा वर्षं घातली, आणि पहिल्यांदा स्वतःचा पदार्थ करायची वेळ आली तेव्हा समोर हत्ती येऊन बसला. त्याने चुलतभावाला फोन केला, आणि शुक्रवारी सुक्या मिरच्या, धणे, जिरं, बडीशेप, मिरी, मेथी आणि कढीपत्ता असं सगळं तमिळ वर्तमानपत्रात गुंडाळून पोचलं.

जाफनाचा मसाला नुसता गरम करून चालत नाही. तो काळसर होईपर्यंत भाजावा लागतो, आणि त्यातही मिरच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात चांगल्या किंवा वाईट निघतात. जाफनाजवळच्या त्याच्या वेलणै गावात हे काम अंगणात होई. आई भाजायला बसली की शेजारी आपापली पोरं घेऊन तळ्याकडे जात आणि परत येताना वाटीभर मसाला मागत. ब्रेसाँवीलच्या तिसऱ्या मजल्यावर अंगण नव्हतं. विजेची काळी काचेची शेगडी होती, आणि वर भिंतीत एक बारीक जाळी होती.

ह्या जाळीबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. फ्रेंच इमारतीत प्रत्येक स्वयंपाकघराला एकेक जाळी असते, आणि सगळ्या जाळ्या एकाच उभ्या नळात उघडतात. समता ही त्या देशाची आवडती गोष्ट. शाळेच्या भिंतीवर, टपालाच्या तिकिटावर, नगरपालिकेच्या दारावर ती लिहिलेली असते. पण एकाच्या घरचा मिरच्यांचा धूर सगळ्या मजल्यांवर सारख्या प्रमाणात वाटला गेला, तेव्हा त्या समतेचं कौतुक एकालाही करावंसं वाटलं नाही.

रविवारी सकाळी धणे झाले, जिरं झालं, मेथी झाली. मिरच्या कढईत पडल्या आणि इंदिराणी म्हणाली, "अहो, खिडकी उघडा."

"बाहेर थंडी आहे. दोन मिनिटांचं काम."

पहिल्या मिनिटाला वरून कोणीतरी शिंकलं. दुसऱ्या मिनिटाला खालून खोकल्याचा आवाज आला, मग समोरून, आणि मग जिन्यातला धुराचा भोंगा जो वाजायला लागला तो थांबेचना. नवरत्नम ढवळत राहिला. भाजणी अर्ध्यावर सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. दारावर धपाधप थापा पडल्या तेव्हा मिरच्यांचा रंग असा जमून आला होता की आईने पाठ थोपटली असती.

दारात अग्निशमन दलाचे चार जवान उभे होते. पुढचा साहेब आत आला, त्याने एक श्वास घेतला आणि परत बाहेर गेला. दुसऱ्यांदा तो मुखवटा लावून आला.

"रसायन कोणतं आहे?" मुखवट्यातून प्रश्न आला.

"मिरची."

"व्यापारी नाव?"

"मिरचीच."

"मस्यू, डबा दाखवा. धोक्याची खूण कुठे असते त्यावर?"

नवरत्नमने वर्तमानपत्राचा पुडा दाखवला. साहेबाने तो चिमटीत धरून उलटासुलटा केला. तमिळ अक्षरं पाहून त्याची शंका वाढली. "अज्ञात क्षोभक," तो मागच्याला म्हणाला, आणि ह्या दोन शब्दांनी पुढचं सगळं घडलं. डोळ्या-नाकाला झोंबणारा असा अज्ञात क्षोभक सापडला की इमारत रिकामी करायची असा त्यांचा नियम आहे. लोक सपातांत आणि झग्यांत फुटपाथवर आले. तळमजल्यावरचे लोक तर मुलांना पांघरुणात गुंडाळून आले. सगळ्यांनी वर पाहिलं, कुठेही ज्वाळा दिसेनात, तेव्हा सगळ्यांनी नवरत्नमकडे पाहिलं. त्याच्या हातात अजून झारा होता.

"मी म्हटलं होतं खिडकी उघडा," इंदिराणी म्हणाली. तमिळमध्येच म्हणाली, पण त्या वाक्याला भाषा लागत नाही. फुटपाथवरच्या सगळ्या बायकांनी मान डोलावली.

थोड्या वेळाने एक जवान कढई घेऊन खाली आला. मसाल्यावर पांढरा फेस होता, दाढीला लावतात तसला, काठोकाठ. "आता धोका नाही," त्याने सांगितलं आणि कढई नवरत्नमच्या हातात दिली. आभार माना अशी अपेक्षा असावी. नवरत्नमने मानले नाहीत.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नोटीस लागली: 'इमारतीत क्षोभक पदार्थांची निर्मिती करण्यास सक्त मनाई आहे.' खाली इमारतीच्या समितीचे अध्यक्ष म्हणून मस्यू त्रुशारची लांबलचक सही. त्रुशार चौथ्या मजल्यावर राही. विजेच्या खात्यातून निवृत्त झाला होता, आणि निवृत्तीनंतर माणसांना काय मना करता येईल ह्याचा विचार करण्यात त्याचा वेळ चांगला जाई. नवरत्नमला मनाईचा राग नव्हता. त्याला 'निर्मिती'चा राग होता. जणू तो बाँब करत होता.

शिवाय मनाई करणाराने स्वतःकडे पाहावं की नाही? हा त्रुशार हिवाळाभर जिन्याच्या खिडकीत चीज ठेवायचा, कारण त्याची बायको ते घरात येऊ देत नसे. ते चीज पिकायला लागलं की तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे कोणीतरी ओल्या मोज्यांसकट मरून पडलंय असं वाटे. अठरा वर्षं नवरत्नम तिथून श्वास धरून गेला. कधी अग्निशमन दलाला बोलावलं का त्याने?

जिन्यात गाठ पडली तेव्हा त्याने विषय काढलाच. "मस्यू त्रुशार, तुमच्या चीजचा वास—"

"तो वास नाही मस्यू," त्रुशार शांतपणे म्हणाला. "ती परंपरा आहे."

"मग माझं काय होतं?"

"तुमची दुर्घटना होती. तशी नोंद झाली आहे."

ह्यावर फ्रेंचमध्ये काय बोलायचं ते नवरत्नमला रात्री अंथरुणावर सुचलं, एकाहून एक सरस अशी तीन उत्तरं, पण तोवर त्रुशार झोपला होता.

दुसऱ्या मजल्यावरच्या मादाम रिवोआलने मात्र सल्ला दिला. ती पोस्टातून निवृत्त झालेली विधवा होती, आवाजाने खणखणीत. तिने नवरत्नमला लिफ्टमध्ये गाठलं. "माझे डोळे दोन दिवस चुरचुरत होते," ती म्हणाली. "आमच्या वेळी पोस्टात एक जण अशी तंबाखू ओढायचा. त्याला आम्ही अंगणात पाठवायचो. तुम्ही काम करता तिथे मोठं धुराडं असेल की. तिथे करा. घर हे राहायला असतं."

सल्ला देण्याची पद्धत अपमानास्पद होती, पण सल्ला चांगला होता. चुलतभावाला पुन्हा फोन गेला. ओझान म्हणाला, "अकरा नोव्हेंबरला सुट्टी आहे, आपण बंद असतो. तेव्हा काय करायचं ते कर. मी चौकात असेन, झेंडा धरायचाय मला."

इथे नवरत्नमने थोडा विचार करायला हवा होता. अकरा नोव्हेंबरला पहिल्या महायुद्धातल्या शहिदांना मानवंदना देतात. शहीदस्मारक चौकात आहे. ओझानचं रेस्तराँही चौकात आहे. पण माणूस अपमानाने भरलेला असला की त्याला भूगोल दिसत नाही.

धुराडं उत्तम होतं. बटण दाबलं की छतातून विमान उडाल्यासारखा आवाज येई आणि कढईवरचा धूर सरळ रेषेत वर जाई. एक शिंक नाही, एक ठसका नाही. नवरत्नम गाणं गुणगुणत मिरच्या परतत होता. बाहेर बँड वाजत होता. मग बँड थांबला आणि नगराध्यक्षांचं भाषण झालं. मग सगळं शांत झालं. ती शांतता मुद्दाम पाळायची एक मिनिटाची शांतता होती. वारा पश्चिमेचा होता, आणि धुराड्याचं तोंड पूर्वेला चौकाकडे उघडत होतं.

आधी एक खोकला आला. मग दोन. मग असा काही आवाज उठला की नवरत्नमला वाटलं टाळ्या पडताहेत. त्यानंतर बिगुल वाजवणाराने सलामी सुरू केली, पण तिसऱ्या सुराला त्याचा श्वास अडकला आणि बिगुलातून म्हातारी शेळी ओरडावी तसा आवाज आला. ओझान झेंड्याच्या काठीला धरून खोकत होता आणि झेंडा सगळ्यांच्या डोक्यांवरून डुलत होता.

मागच्या दाराने नगरपालिकेची पोलीस बाई आत आली तेव्हा तिचे डोळे लालबुंद होते. ती चिडून काही बोलू पाहत होती, पण तिला आधी पाणी द्यावं लागलं. पाणी पिऊन तिने कढईतला मसाला पिशवीत भरला, पिशवीला गाठ मारली आणि "तपासणीसाठी" एवढंच म्हणून निघून गेली. तो मसाला ह्या वेळी अगदी जसा हवा तसा भाजला गेला होता. नवरत्नम तिच्यामागे चौकाच्या कोपऱ्यापर्यंत गेला. "निदान मूठभर तरी ठेवा," तो म्हणत राहिला. बाई थांबली नाही.

स्थानिक वर्तमानपत्रात मोठा फोटो आला. नगराध्यक्ष रुमालाने डोळे पुसताहेत, मागे सगळा जमाव रडतोय. 'इतक्या वर्षांनंतरही अश्रू आवरले नाहीत', असं खाली लिहिलं होतं. त्यामुळे नगरपालिकेतून पुढे काही कारवाई झाली नाही. कारवाई करायची तर अश्रूंचं कारण लिहावं लागलं असतं. पण ओझानला कारण ठाऊक होतं. "नावा," तो म्हणाला, "क्रीम, सफरचंद आणि ती बाटली. विषय संपला."

विषय नवरत्नमपुरता आत्ता कुठे सुरू झाला होता. तो सरळ नगरपालिकेत गेला आणि खिडकीमागच्या बाईंना म्हणाला, "मला मसाला भाजायचाय. कुठे भाजू ते सांगा. ह्या देशात एखादी तरी जागा असेल."

"उघड्यावर जाळायला बंदी आहे," बाई म्हणाल्या.

"जाळायचं नाही. भाजायचं आहे."

"भाजायचं." बाईंनी चष्मा वर केला आणि जाड नियमावली चाळली. "भाजणं फक्त चेस्टनटचं आहे. शनिवारच्या बाजारात. हंगामी परवाना."

"माझ्याकडे चेस्टनट नाहीत. धणे आहेत. मिरच्या आहेत."

बाईंनी बोट ओळीवरून फिरवलं. "'चेस्टनट व तत्सम.' धणे कुठे येतात? झाडावर?"

"झुडपावर."

"मिरच्या?"

"त्याही झुडपावरच."

बाईंनी क्षणभर खिडकीबाहेरच्या झाडांकडे पाहिलं, मागच्या घड्याळात जेवायची सुट्टी जवळ आलेली पाहिली, आणि शिक्का उचलला. "तत्सम," त्या म्हणाल्या.

अग्निशमन दल, पोलीस आणि समिती ह्या सगळ्यांना जे सुचलं नाही ते त्या एका शब्दाने केलं. नवरत्नमने तो कागद तीनदा वाचला. चुलतभावाने तिसऱ्यांदा मिरच्या पाठवताना फोनवर विचारलं, "तू ह्या खातोस की विकतोस?" नवरत्नमने फोन ठेवून दिला.

शनिवारी बाजारात त्याला चीजवाल्याच्या आणि मधवाल्याच्या मधे जागा मिळाली. शेजारच्या गावातल्या चेस्टनटवाल्याने कोळशाची शेगडी उसनी दिली होती. त्याची भोकांची कढई इंदिराणीने परत पाठवली, नाहीतर धणे कोळशात गेले असते. मोकळी हवा, खाली निखारे, समोर आपली कढई. नवरत्नमला वेलणै सोडल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं. धण्यांचा वास बाजारभर पसरला. जिरं टाकलं तसे लोक थांबायला लागले. आणि लोक थांबले की फ्रान्समध्ये रांग होते. रांगेतल्या शेवटच्याला पुढे काय आहे ते माहीत नसतं, पण आपल्या पुढे इतके लोक आहेत म्हणजे काहीतरी चांगलं असणार अशी त्याची खात्री असते.

"कागदाचा एक कोन द्या," पहिली बाई म्हणाली.

"विकायला नाही मादाम."

"मग अर्धा कोन द्या."

मिरच्या पडल्या तशी अख्खी रांग खोकायला लागली, पण कोणी जागा सोडली नाही. डोळे पुसत, नाकं शिंकरत लोक उभे राहिले. रांगेत मधे मस्यू त्रुशार होता, हातात बाजाराची पिशवी घेऊन. त्याचा नंबर आला तेव्हा नवरत्नमने कढईवरून मान वर केली.

"पाव किलो," त्रुशार म्हणाला.

"तुम्हाला? क्षोभक पदार्थ?"

"इमारतीत मनाई आहे. हा बाजार आहे."

"विकायला नाही."

"असं कसं? परवाना आहे ना तुमच्याकडे? परवाना आहे म्हणजे विक्री आहे. विक्री नसेल तर परवाना कशाला?" त्रुशारचा आवाज चढला. मागचे लोकही 'बरोबर आहे' म्हणायला लागले. ज्या माणसाने मसाला बंद पाडला तोच तो मिळालाच पाहिजे म्हणून भांडत होता. नवरत्नमला हे इतकं असह्य झालं की तो तमिळमध्ये बोलायला लागला. शेवटी इंदिराणी मधे पडली.

"गुरुवारी ओझानकडे या," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मटणात मिळेल."

सोमवारी ओझानने गुरुवारच्या आरक्षणांनी भरलेली टेबलांची वही बघितली आणि बाटली गुपचूप फडताळात मागे सरकवली. तोवर घरी इंदिराणीने दारं-खिडक्या लावून, मिक्सरवर दुहेरी रजई घालून मसाला दळलाही होता. जिन्यात एकालाही पत्ता लागला नाही.

गुरुवारी नवरत्नमने सकाळी मटण चढवलं ते दुपार उलटेपर्यंत कोणाला झाकण उघडू दिलं नाही. नारळाचं दूध, मसाला, शेवटी फोडणीत कढीपत्ता. मग तो दाराबाहेर हवा खायला गेला आणि त्याला दर्शनी भिंतीवरची पाटी दिसली. ओझानने स्वतःच्या वळणदार अक्षरात खडूने लिहिलं होतं: 'आज खास: शेफ ओझान यांचं जाफना मटण.'

नवरत्नम पाटीसमोर बराच वेळ उभा राहिला. खडू तिथेच होता. पण तो आत गेला, कारण मटण खाली लागलं असतं.

हॉल गच्च भरला होता. ताटं जात होती आणि परत येत होती, ती पावाने पुसून स्वच्छ केलेली. दारच्या गोल काचेतून नवरत्नमला दिसत होतं. त्रुशारचं नाक आणि डोळे वाहत होते आणि तो आणखी मागत होता. मग ओझानने नेहमीप्रमाणे उंच पांढरी टोपी घातली आणि तो टेबलांमधून फिरायला, कौतुक गोळा करायला बाहेर गेला. हे तो रोज करायचा. नवरत्नमची ह्याबद्दल कधी तक्रार नव्हती. मालकाला टोपीची हौस असते. पण आज त्याने काचेतून जरा जास्त वेळ पाहिलं.

मादाम रिवोआलच्या टेबलापाशी ओझान अडकला. "ह्यात मागून एक कडवट चव येते," ती विचारत होती. "छान आहे. कशाची?"

"करीची," ओझान म्हणाला.

"करीत कशाची?"

ओझान हसला. त्याने तिचा हात हातात घेतला. "गुपित असतं ते मादाम."

नवरत्नमने दार ढकललं आणि तो बाहेर गेला. अठरा वर्षांत तो पहिल्यांदाच त्या दारातून हॉलमध्ये आला होता, तोही डागाळलेला एप्रन घालून. काटे-सुऱ्यांचा आवाज मंदावला.

"मेथी," तो म्हणाला. "जरा जास्त भाजली की कडवटपणा येतो. तेवढाच हवा असतो."

मादामने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"मी केलंय."

"हे मटण?"

"हे मटण."

ती ओझानकडे वळली. ओझान छताकडे पाहत होता. "आणि शनिवारचं बूर्गिन्यों?" तिने विचारलं.

"तेही मीच करतो. अठरा वर्षं." त्याने आवाज शक्य तितका साधा ठेवला. आता काय होईल ते त्याला अंदाजाने कळत होतं. लोक उठतील, कदाचित टाळ्या वाजवतील. त्याने एप्रन थोडा सरळ केला.

मादाम रिवोआलने काटा ताटात ठेवला. "म्हणजे सापडलात एकदाचे," ती म्हणाली. "ईस्टरपासून त्यात मीठ जास्त पडतंय. मी दर शनिवारी ह्या माणसाला सांगते, आणि हा माझा हात धरून मेर्सी म्हणतो."

हॉलमध्ये हशा झाला. नवरत्नमचे कान तापले. "मीठ बरोबर असतं."

"जास्त असतं. चाखून बघता का तुम्ही?"

नवरत्नमने एप्रनला हात पुसले.

"मी विचारते आहे, चाखता का?"

"नाही," तो म्हणाला. "आमच्या घरात गाईचं खात नाहीत. मी ते कधीच खाल्लेलं नाही."

ह्या वेळी हशा झाला नाही. त्रुशारने रुमाल खाली घेतला. ओझानला हे आजवर माहीत नव्हतं, असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"कधीच नाही?" मादामचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "मग करता कसं?"

"वासावर. वाइनचा आंबटपणा गेला की वास बदलतो. मांस शिजलं की परत बदलतो." तो थांबला. "मिठाला वास नसतो."

मादाम रिवोआल ताटाकडे पाहत राहिली. "माझा नवरा ल्युसियाँ शेवटच्या आजारपणात त्या बूर्गिन्योंशिवाय दुसरं काही खात नव्हता," ती म्हणाली. "डब्यात न्यायचे मी." मग तिने नाक शिंकरलं, ते मिरचीमुळे की कशामुळे ते सांगता येत नाही, आणि तिचा पोस्टातला आवाज परत आला. "शनिवारी सकाळी मी मागच्या दाराने येते. चमचा माझा आणीन."

"स्वयंपाकघरात बाहेरच्यांना येता येत नाही," ओझान म्हणाला. "स्वच्छतेचा नियम आहे."

"तुम्ही गप्प बसा," मादाम आणि नवरत्नम एकदमच म्हणाले.

शनिवारी ती आली. नवरत्नमने झाकण काढलं आणि हात मागे बांधून बाजूला उभा राहिला. तिने चमचाभर रस्सा घेतला, फुंकर घातली, डोळे मिटून तोंडात घोळवला. तिने चमचा रुमालाला पुसला. मग म्हणाली, "मीठ आज बरोबर आहे."

नवरत्नमने श्वास सोडला.

तिने परत चमचा बुडवला. "गाजरं कच्ची आहेत."

गाजरं कच्ची नव्हती. नवरत्नमने तिला ते फ्रेंचमध्ये सांगितलं, ती दाराकडे निघाली तेव्हा तमिळमध्ये सांगितलं, आणि ती गेल्यावर झाकण ठेवून गाजरं आणखी थोडा वेळ मंद आचेवर राहू दिली.